ट्रॅक्टर-ट्रॉली, घाटवाहतुकीची

शेतीच्या ट्रॅक्टरला एक किंवा दोन ट्रॉल्या जोडून डोंगरी रस्त्याने माणसे, संसार व माल वाहून नेण्याच्या साधनास ही संज्ञा लावतात. ट्रॅक्टर हा मुळात जमीन नांगरण्यासाठी बनविलेला. रस्त्यावर त्याचा वेग ताशी सु. ३० किमी.पेक्षा फारसा जात नाही, त्याच्या मागील आसाला कमानी (स्प्रिंगा) नसतात आणि त्याचे ब्रेक केवळ मागील दोन चाकांवर चालतात. असे असूनही महाराष्ट्रातील ऊस वाहतुकीचा मोठा भाग त्याच्यावरच अवलंबून आहे. परभणी जिल्ह्यासारख्या भागात ऊसतोडीस जाणारी कुटुंबे आपले बिऱ्हाडही त्याच ट्रॉलीत घालून बालाघाटाच्या डोंगररांगा ओलांडतात. या कामी कोणता ट्रॅक्टर निवडावा, हा प्रश्न सामान्यतः अश्वशक्तीचा समजला जातो. वस्तुतः तो त्याहून अधिक वजनाचा, पकडीचा आणि ब्रेकांचा आहे.

प्रदेश व स्थलांतर : परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसला असून त्याचा मध्यभाग सपाट, काळ्या मातीचा आहे. दक्षिणेस गंगाखेड, पालम व सोनपेठ या तालुक्यांकडे बालाघाटाच्या टेकड्या व उत्तरेस जिंतूरकडे अजिंठ्याच्या डोंगराचे फाटे येतात. पैठण येथील जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरे झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यापर्यंत आल्यावर पाथरी, मानवत, परभणी या पट्ट्यात ऊस वाढला व पुढे जिल्ह्यातच साखर कारखानेही निघाले. कालव्याच्या वर राहिलेल्या डोंगरी गावांना मात्र या पाण्याचा लाभ झाला नाही. तेथील कोरडवाहू शेतकरी व भूमिहीन मजूर बीड जिल्ह्यातील मजुरांप्रमाणेच दिवाळीच्या सुमारास भीमा व कृष्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात आणि गाळप संपल्यावर चैत्र-वैशाखात परत येतात. १९७२ च्या दुष्काळानंतर या स्थलांतराला विशेष जोर आला.

पूर्वी हा प्रवास बैलगाडीने होई. लाल कंधारी किंवा देवणी बैलांची जोडी, लाकडी चाकांची गाडी, तीत भांडीकुंडी, ज्वारीची पोती, शेळी व लहान मुले आणि शेजारून पायी चालणारी मोठी माणसे, असे तांडे कित्येक दिवस रस्त्यावर असत. बैलांची चाल हीच वेगाची मर्यादा असल्याने घाट चढताना जनावरांचे हाल होत. पण उतरताना गाडीचा ताबा सुटण्याचा प्रसंग त्या मानाने थोडा येई, कारण भार लहान होता व चाकाला लाकडी अडणा लावण्याची रीत सर्वांस ठाऊक होती. पुढे लाकडी चाकांच्या जागी हवेची टायरे आली, टोळ्यांना नेण्यासाठी ट्रक येऊ लागले आणि कालांतराने ट्रॅक्टर-ट्रॉली हेच नेण्याआणण्याचे व कारखान्यावरील ऊस वाहतुकीचे एकत्रित साधन झाले. या बदलाने दिवसांचा प्रवास एका रात्रीवर आला. चाकाला अडणा लावण्याची रीत मात्र मागे पडली व तिची जागा घेणारे काही ट्रॉलीवर आले नाही.

पाथरी-मानवतकडून निघालेला ट्रॅक्टर बहुधा माजलगाव, तेलगाव या मार्गाने धारूरच्या घाटाला लागतो. शेगावहून पंढरपूरला जाणाऱ्या मार्गावरील हा घाट अरुंद व वळणांचा असून अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. घाटमाथ्यावर किल्ले धारूर. तेथून केज, कळंब असा पठारी प्रवास झाल्यावर येरमाळ्यापुढे बार्शीकडे पुन्हा उतार लागतो. बीडकडून जाणारांना मांजरसुंब्याचा चढ पार करावा लागतो. हिमालयातील घाटांच्या मानाने ही चढण किरकोळ आहे. तथापि ती ओलांडणाऱ्या साधनाची क्षमता पाहता तिला किरकोळ म्हणता येत नाही.

टोळी व ट्रॅक्टरमालक : नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. अशा काही कोयत्यांची एक टोळी होते व तिचा प्रमुख तो मुकादम. ट्रॅक्टरमालक अनेकदा स्वतःच वाहतूक ठेकेदार असतो. तो कारखान्याशी करार करून आगाऊ रक्कम घेतो व ती मुकादमाच्या हाती ‘उचल’ म्हणून टोळीला देतो. म्हणजे ट्रॅक्टरवर बँकेचे कर्ज, टोळीवर उचलीचे ओझे आणि दोन्हींची फेड एकाच हंगामातील टनांवर अवलंबून, अशी ही रचना आहे. ट्रॅक्टर महिनाभर बंद पडला, तर मालकाचा हप्ता चुकतो आणि टोळीची उचल फिटत नाही. ती पुढील वर्षाच्या उचलीत चढते. म्हणून ट्रॅक्टरची निवड ही मालकाची खाजगी बाब राहत नाही, जरी ती करताना टोळीला कोणी विचारीत नसले तरी.

ट्रॉलीत जे भरले जाते ते एका कुटुंबाचे नव्हे, तर आठ-दहा कुटुंबांचे घर असते. कोपीसाठी बांबू व ताडपत्री, चुलीचे सरपण, पीठ, धान्य, अंथरुणे, पाण्याचे पिंप, कोंबड्यांची खुराडी आणि या सर्वांच्या वर माणसे. ट्रॉली ही मालासाठी नोंदलेली असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते आणि तीतून उतारू नेण्याची मुभा नसते. टोळीसाठी वेगळी बस करणे हाच यावरील सरळ उपाय होय. काही ठेकेदार तसे करतातही; परंतु त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे करारात क्वचितच लिहिलेले असते.

अश्वशक्तीचा अर्थ : भारतात ट्रॅक्टरची निर्मिती १९६० च्या सुमारास सुरू झाली. आरंभीचे बहुतेक ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीच्या आसपासचे होते. ऊस वाहतुकीसाठी आता सामान्यतः ४५ ते ६० अश्वशक्तीचे ट्रॅक्टर घेतले जातात. बॉनेटवर लिहिलेला आकडा हा एंजिनाच्या चक्रदंडावरील शक्तीचा असतो. दंतचक्रे, भिन्नक (डिफरन्शियल) व आस यांतून ती चाकांपर्यंत पोहोचताना कमी होते. टायर घसरल्याने ती आणखी घटते व ट्रॉलीच्या हुकापर्यंत येणारी शक्ती तिच्याहून बरीच थोडी राहते. या फरकाबाबत ग्राहकांची फसगत होऊ नये म्हणून अमेरिकेतील नेब्रॅस्का राज्याने १९१९ मध्ये कायदा करून ट्रॅक्टरांची सक्तीची चाचणी सुरू केली. भारतात मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत भारतीय मानकानुसार अशा चाचण्या घेतल्या जातात. बुधनीच्या चाचणी अहवालात ट्रॅक्टरचे पुढील व मागील आसांवरील वजन, हुकावरील सर्वाधिक ओढ, त्या वेळचे टायरांचे घसरणे व ब्रेकांची कसोटी हे सर्व दिलेले असते. घाटाच्या कामासाठी जाहिरातीतील आकड्यापेक्षा या चार नोंदी अधिक उपयोगाच्या आहेत. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ असल्यामुळे हे अहवाल समजावून घेण्याची सोय जिल्ह्यात दुर्मिळ नाही. विक्रेत्याकडे अहवाल मागणारे गिऱ्हाईक मात्र दुर्मिळ आहे.

चढावरील हिशेब : उदाहरणादाखल ५० अश्वशक्तीचा, २·५ टन वजनाचा, दोन चाकांनी चालणारा ट्रॅक्टर घेऊ. त्याच्या मागील आसावर सु. १,६०० किग्रॅ. भार असतो. मागे प्रत्येकी २ टनांच्या दोन चारचाकी ट्रॉल्या आहेत असे मानू. टोळीचा संसार व माणसे मिळून अडीच टन धरले, तर एकूण वजन ९ टन होते. वीस मीटरला एक मीटर उंची, अशा चढावर वजनाचा विसावा भाग गुरुत्वाकर्षणाविरुद्ध व सु. पन्नासावा भाग टायरांच्या लोटन-रोधाविरुद्ध खर्ची पडतो. दोन्ही मिळून ६३० किग्रॅ. ओढ लागते. चाकांवर ४० अश्वशक्ती पोहोचली, तर ट्रॅक्टर हा चढ ताशी १७ किमी. वेगाने सहज चढेल.

आता त्याच दोन ट्रॉल्यांत प्रत्येकी १० टन ऊस भरला, असे समजू. एकूण वजन २६·५ टन होते व लागणारी ओढ १,८५५ किग्रॅ.पर्यंत जाते. शक्तीच्या हिशेबाने पाहिल्यास ट्रॅक्टर हा चढही ताशी सु. ६ किमी. वेगाने चढावयास हवा. पण येथे अडचण शक्तीची नसून पकडीची आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायराची पकड त्यावरील भाराच्या सु. ०·७ पट असते. ओढीमुळे पुढचा काही भार मागे सरकतो, तो जमेस धरूनही मागील आसावरील भार दोन टनांच्या आसपासच राहतो. म्हणजे चाके फार तर १,४०० किग्रॅ. ओढू शकतील, त्यापुढे ती जागीच फिरू लागतील. एंजिन ५० ऐवजी ७५ अश्वशक्तीचे बसविले आणि वजन तेच ठेवले, तर चाके अधिक वेगाने फिरतील, एवढाच फरक पडेल. मालक आणखी ताकदीचा ट्रॅक्टर घेतो आणि तरीही घाटात अडकतो, याचे कारण यात आहे.

हाच ट्रॅक्टर एकच भरलेली ट्रॉली घेऊन निघाला, तर एकूण वजन १४·५ टन व लागणारी ओढ १,०१५ किग्रॅ. होते. पकड सु. १,२५० किग्रॅ. मिळत असल्याने चढ पार पडतो, शिवाय वेगही ताशी १० किमी.च्या वर राहतो. घाटाच्या पायथ्याशी एक ट्रॉली सोडून दोन खेपांत माथा गाठणे किंवा दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडणे हे वेळखाऊ वाटते. परंतु अर्ध्या घाटात घसरून मागे आलेल्या जोडट्रॉलीने रस्ता अडविल्यावर जाणाऱ्या वेळेच्या मानाने तो वेळ थोडाच म्हणावा लागेल.

पकड वाढविण्याचे उपाय : मागील चाकांना ओतीव लोखंडाची वजने लावणे व मागील टायरांत पाणी भरणे हे स्वस्त व खात्रीचे उपाय होत. पाण्याने मागील आसावर काही शे किग्रॅ. भार वाढतो आणि तो खाली राहत असल्याने उलटण्याचा धोका वाढत नाही. पुढील बंपरावर वजने लावण्याचा हेतू वेगळा आहे. जड ओढीच्या वेळी ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊन सुकाणू हलके होते, ते त्या वजनांमुळे टळते. तोंड दाबण्यासाठी चढावर दोन माणसांना बंपरावर बसविण्याची प्रथा ठिकठिकाणी दिसते. ती माणसे घसरली, तर ज्या चाकांखाली जातात ती चाके थांबविण्यास चालकाला अवधी मिळत नाही, हे ध्यानी घेता या प्रथेचे समर्थन करता येत नाही. माणसाच्या वजनाचे लोखंड फार महाग पडत नाही.

चारही चाकांनी चालणारा ट्रॅक्टर महाग असतो. मात्र घाटवाहतुकीत त्याचा उपयोग नांगरटीपेक्षाही मोठा आहे. त्याचे सर्व वजन पकडीच्या कामी येते. ३ टनांचा असा ट्रॅक्टर कोरड्या रस्त्यावर सु. २,१०० किग्रॅ. ओढ देऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढील आस जोडलेला असताना उतारावर ब्रेकांचा व एंजिनाचा रोधही चारही चाकांवर वाटला जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो सतत जोडून ठेवल्यास टायरे व दंतचक्रे लवकर झिजतात, म्हणून तो घाटापुरताच जोडावा लागतो.

उतार : ट्रॅक्टरची खरी परीक्षा उतरताना होते. चढावर चूक झाली, तर ट्रॅक्टर बहुधा थांबतो. उतारावर चूक झाली, तर तो थांबत नाही. वरील उदाहरणातील उसाने भरलेली जोडट्रॉली त्याच विसास एक उतारावरून येत आहे असे मानू. वजन तिला १,३२५ किग्रॅ. जोराने खाली लोटते, त्यातील ५३० किग्रॅ. लोटन-रोधात जिरते, उरलेले सु. ८०० किग्रॅ. केवळ वेग वाढू न देण्यासाठी ब्रेकांना पेलावे लागतात. मागील दोन चाकांची पकड सु. १,१२० किग्रॅ. असल्याने प्रत्यक्ष थांबविण्यासाठी जेमतेम सव्वातीनशे किग्रॅ. शिल्लक राहतात. ताशी २० किमी. इतक्या मंद वेगातूनही ही गाडी थांबण्यास सु. १३० मी. लागतात, ताशी ३० किमी. वेग असल्यास सु. २९० मी. घाटातील दोन वळणांमधील अंतर अनेकदा याहून कमी असते. उतार बारास एक इतका तीव्र असेल, तर लोटणारा जोर पकडीपेक्षा अधिक होतो आणि ब्रेक कितीही उत्तम असले तरी गाडी थांबू शकत नाही. चाके बंद होऊन घसरत राहतात.

रिकाम्या ट्रॉल्यांत संसार घेऊन जाणारी गाडी विसास एक उताराच्या कोरड्या रस्त्यावर ताशी २० किमी. वेगातून सु. १७ मी. अंतरात थांबू शकते. परतीचा पाऊस लांबून रस्ता ओला असेल व पकड ०·४ पर्यंत उतरली असेल, तर तेच अंतर ३८ मी. होते. म्हणजे टोळीचा प्रवास हा मूळचा अशक्यप्राय धोक्याचा नाही. तो धोक्याचा होतो तो झिजलेल्या ब्रेकांमुळे, वाढलेल्या वेगामुळे, रात्रीच्या जागरणामुळे आणि घाट न्यूट्रलमध्ये उतरण्याच्या सवयीमुळे.

शेवटच्या कारणाविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. डीझेल वाचते या समजुतीने काही चालक उतारावर गिअर काढून घेतात. प्रत्यक्षात गिअरमध्ये उतरणाऱ्या ट्रॅक्टरच्या एंजिनाला नियंत्रक (गव्हर्नर) फारच थोडे डीझेल देतो, त्यामुळे बचत नाममात्र होते. मात्र एंजिनाचा रोध नाहीसा होऊन सर्व उष्णता ब्रेकांवर येते. तापलेल्या ब्रेकांचे घर्षण कमी होते, पेडल खोल जाऊ लागते आणि त्या क्षणी पुन्हा गिअर टाकू पाहिल्यास तो पडत नाही, कारण चाकांचा वेग त्या गिअरच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. क्लच दाबून धरण्याचा परिणामही हाच होतो. ज्या गिअरमध्ये हा घाट भरल्या गाडीने चढता येईल, त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये तो उतरावा, आणि गिअर माथ्यावर टाकावा, उतारावर नव्हे, हा जुन्या ट्रकचालकांचा दंडक ट्रॅक्टरलाही लागू आहे. तथापि एंजिनाचा रोध व ब्रेकांचा रोध हे दोन्ही त्याच दोन टायरांच्या पकडीतून रस्त्यावर पोहोचतात. एकाने ब्रेक थंड राहतात, पकड मात्र वाढत नाही.

ब्रेक : शेतात कमी जागेत वळता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक स्वतंत्र दिलेले असतात व त्यांची पेडले वेगवेगळी असतात. रस्त्यावर निघताना ती दोन्ही एकत्र अडकविण्यासाठी एक लहानशी कडी असते. ती न लावता वेगात एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर एकदम एका बाजूला वळून उलटतो. रोपांच्या ओळी सांभाळून वळणाऱ्या चालकाला ती कडी काढून ठेवण्याची सवय असते. घाटाच्या पायथ्याशी ती लावली आहे की नाही, हे पाहण्यास अर्धा मिनिट पुरतो. कोरड्या तबकड्यांच्या ब्रेकांपेक्षा तेलात बुडालेले ब्रेक चिखलाने बिघडत नाहीत, उष्णता चांगली वाहून नेतात व अधिक टिकतात. म्हणून घाटाच्या कामासाठी निवड करताना पाच अश्वशक्ती कमी घेऊन तेलातील ब्रेक घेणे फायद्याचे ठरते.

खरा उपाय ट्रॉलीला ब्रेक असणे हा आहे. वरील उदाहरणात दोन्ही ट्रॉल्यांच्या निम्म्या चाकांना जरी ब्रेक असते व त्यांपासून भाराच्या ०·३ पट इतका माफक रोध मिळाला असता, तरी १३० मी.ऐवजी सु. ११ मी. अंतरात गाडी थांबली असती. यूरोपात ७५० किग्रॅ.हून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. साध्या प्रकारात ट्रेलर पुढील वाहनावर रेलू लागला, की जोडणीच्या दांड्यावर पडणाऱ्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात; जड प्रकारात हवेच्या दाबावर ते चालवितात. आपल्याकडील गावोगावच्या कारखान्यांत बनणाऱ्या ट्रॉल्यांत ही यंत्रणा सहसा आढळत नाही. ट्रॉलीची किंमत तिच्या टायरांवर व पत्र्याच्या जाडीवर ठरते आणि विकत घेणाराही तेवढेच पाहतो.

ट्रॉली व जोडणी : ऊस वाहतुकीच्या चारचाकी ट्रॉलीचा पुढील आस फिरत्या चकतीवर बसविलेला असतो व ती आपले वजन स्वतःच पेलते. त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागील आसावर भार पडत नाही आणि पकडीत भर पडत नाही. दोनचाकी ट्रॉलीत आसाच्या पुढे अधिक माल ठेवल्यास काही भार हुकावर येऊन पकड वाढते. माल मागे गेल्यास उलट ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलला जातो. टोळीचे सामान भरताना धान्याची पोती व पाण्याची पिंपे तळाशी व पुढे आणि अंथरुणे वर, असा क्रम यासाठीच ठेवावा लागतो. जोडणी नेहमी खालच्या ओढदांड्यालाच हवी. ती मागील आसाहून उंच ठिकाणी केल्यास जड ओढीत ट्रॅक्टर मागच्या मागे उलटू शकतो. पिन मूळची असावी, तिला अडकण असावी आणि दुसरी साखळी असावी. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घातलेली ट्रॉली चढावर सुटली, तर ती मागून येणाऱ्या टोळीवरच जाते.

वळणावर ब्रेक दाबला असता ट्रॉल्यांचा लोंढा ट्रॅक्टरला मागून ढकलतो व जोडणीचा सांधा कात्रीसारखा दुमडतो. दोन ट्रॉल्यांत असे दोन सांधे असल्याने धोका दुणावतो. म्हणून वेग वळणाआधी कमी करावा लागतो, वळणात नव्हे.

रात्रीच्या वाहतुकीत याखेरीज दिव्यांचा प्रश्न येतो. उसाची पाने ट्रॉलीच्या कडांबाहेर लोंबत असल्याने मागचा दिवा असला तरी झाकला जातो आणि मागून येणाऱ्या वाहनास अंधारातील ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते. उसाच्या वरून दिसतील अशा परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा हंगामाच्या आरंभी निघतात. त्या पट्ट्यांवर धूळ व चिपाडे साठल्यावर त्या पुसण्याचे काम मात्र कोणाचेच नसते.

इतर देशांतील तुलना : अमेरिकेत सहलीसाठी राहण्याची सोय असलेले ट्रेलर पिकअप ट्रकामागे जोडून रॉकी पर्वताच्या खिंडी ओलांडण्याची हौस पुष्कळांना असते. तेथेही विक्रेत्याने सांगितलेली ओढण्याची क्षमता व प्रत्यक्ष क्षमता यांत तफावत पडू लागल्याने मोटार अभियंत्यांच्या संघटनेने एक समान कसोटी ठरविली. तीत अ‍ॅरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या लांबलचक चढावर भर उन्हाळ्याच्या परिस्थितीत भारासह किमान वेग राखून दाखवावा लागतो. या निवडीत उंचीचाही विचार करावा लागतो. टर्बोचार्जर नसलेल्या एंजिनाची शक्ती दर हजार मीटर उंचीस सु. एक दशांशाने घटते. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगद्यापाशी रस्ता सु. ३,४०० मी. उंचीवर आहे, तर काश्मीरमधील झोजी खिंड ३,५०० मी.च्या वर आहे. अशा ठिकाणी एंजिनाची तिसऱ्या हिश्शाइतकी शक्ती नाहीशी होते. बालाघाटाची उंची हजार मीटरही नसल्याने परभणीच्या ट्रॅक्टरमालकास ही चिंता करण्याचे कारण नाही. टर्बोचार्जरसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते चाकांची वजने, तेलातील ब्रेक व ट्रॉलीचे ब्रेक यांवर खर्चणे त्यास अधिक उपयोगी पडते. अमेरिकेतील ट्रेलरमध्ये प्रवासाच्या वेळी सहसा कोणी बसत नाही, कुटुंब पुढील वाहनात असते, हाही फरक येथे नोंदण्याजोगा आहे.

खरेदी : अनेक मालक ऊस वाहतुकीसाठी जुना ट्रॅक्टर घेतात. अशा वेळी एंजिनाचा आवाज व रंगरूप यांपेक्षा ब्रेकांच्या पेडलांचा सारखेपणा, क्लचचे घसरणे, ओढदांड्याच्या भोकाची झीज व मागील टायरांच्या गड्ड्यांची उंची प्रथम पाहावी लागते. एरवी हा ट्रॅक्टर गावी काळ्या रानात नांगरटीला लागणार असतो. त्या कामास दोन चाकांचा, मध्यम वजनाचा ट्रॅक्टर पुरेसा असल्याने मालकाचा कल तिकडे झुकतो व वर्षातील दोन-चार घाटांसाठी जादा खर्च त्यास अनावश्यक वाटतो. पैशाच्या हिशेबाने हा कल समजण्यासारखा आहे. ज्यास तो खर्च झेपत नाही, त्याने घाटात एका वेळी एकच भरलेली ट्रॉली नेण्याचा नियम पाळल्यास त्याच ट्रॅक्टरवर काम निभावते.

परतीच्या प्रवासाची स्थिती जातानाच्या प्रवासाहून वेगळी असते. हंगामाच्या आरंभी तपासून निघालेला ट्रॅक्टर पाच-सहा महिने उसाच्या भाराखाली राबलेला असतो. त्याच्या ब्रेकांचे अस्तर झिजलेले व टायरे गुळगुळीत झालेली असतात. जाताना चढलेला धारूरचा घाट आता उतरावयाचा असतो आणि ट्रॉलीत संसाराबरोबर हंगामात जमविलेली जनावरांची वैरण व खरेदीची पोतीही असतात. कारखान्याच्या गेटवरून हिशेब होऊन टोळी मोकळी होते, ती बहुधा संध्याकाळी, व गाव गाठण्याच्या ओढीने त्याच रात्री निघते. ब्रेकांचे अस्तर बदलण्यास एक दिवस लागतो. तो दिवस कारखान्याच्या तळावर, कोप्या मोडण्याआधी काढला, तर ट्रॅक्टर धारूरच्या माथ्यावर उजेडी पोहोचेल अशा बेताने निघता येते. आणि तेथे माणसे उतरवून, घाट पायी उतरण्यास लावून, ट्रॉली पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मागाहून आणण्याची काही मुकादमांची पद्धत अजूनही पाळण्याजोगी आहे.